हॉपरच्या चित्रांत एकटेपणा नेमका कुठे असतो?

अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरचं ‘नाइटहॉक्स’ हे चित्र नावाने ठाऊक नसलं तरी बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. पोस्टरवर, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, नाहीतर फोनवर फिरत आलेलं. न्यूयॉर्कमधली मध्यरात्र. कोपऱ्यावरचं एक साधं हॉटेल, त्याच्या मोठमोठ्या काचा आणि आत चार माणसं. पांढरा कोट-टोपी घातलेला पोरगा काउंटरमागे वाकून काहीतरी करतोय. त्याच्यासमोर लाल कपड्यांतली एक बाई आणि हॅट घातलेला एक पुरुष शेजारी शेजारी बसलेत. चौथा माणूस आपल्याकडे पाठ करून एकटाच बसलाय. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही.

चित्र पाहिल्यावर मनात पहिलं काय येतं, असं विचारलं की जवळजवळ सगळे ‘एकटेपणा’ असंच म्हणतात. पण नीट पाहा, चौघांपैकी कुणीही दुःखी दिसत नाही. कुणी डोकं धरून बसलेलं नाही, कुणाच्या डोळ्यांत पाणी नाही. चेहरे तर इतके मोघम रंगवलेत की त्यांवरून काही ठरवताच येत नाही. मग आपल्याला जे जाणवतं ते येतं कुठून?

या लेखात मी तेवढ्याच प्रश्नाच्या मागे जाणार आहे. हॉपरच्या चित्रांतला एकटेपणा चेहऱ्यांवर शोधला तर हाती लागत नाही. तो भिंती, काचा, दारं, प्रकाश यांच्या मांडणीत आहे, आणि सगळ्यात जास्त म्हणजे चित्र बघणाऱ्याला चित्रकाराने कुठे उभं केलंय त्यात आहे. हे एकदा लक्षात आलं की ही चित्रं फक्त उदास राहत नाहीत, खूप काही सांगू लागतात.

‘नाइटहॉक्स’पासूनच सुरुवात करू. या हॉटेलचं दार शोधा. स्वयंपाकघरात जाणारं पिवळसर दार उजवीकडे दिसतं, पण रस्त्यावरून आत शिरायचं दार चित्रात कुठेही नाही. काच कोपऱ्यावर वळून पुढे जाते, अखंड. आतली माणसं बाहेर कशी येणार आणि आपण आत कसे जाणार, याची वाटच चित्रकाराने दाखवलेली नाही. आता आपली जागा पाहा. आपण पलीकडच्या फुटपाथवर, अंधारात उभे आहोत. रस्त्यावर एकही दिवा दिसत नाही. जो उजेड आहे तो हॉटेलातून सांडलेला, फुटपाथवर हिरवट होऊन पडलेला. फ्लुरोसंट ट्यूबचे दिवे अमेरिकेत १९३८ च्या सुमारास बाजारात आले आणि हे चित्र पूर्ण झालं २१ जानेवारी १९४२ रोजी. तेव्हा हा पांढराफटक, सावल्या पुसून टाकणारा उजेड लोकांच्या डोळ्यांना अजून नवा होता. मेणबत्ती किंवा पिवळा बल्ब माणसांना जवळ घेतो, हा उजेड सगळ्यांना सारखाच उघडा पाडतो.

शेजारी बसलेल्या त्या दोघांचे हातही पाहा. बोटं अगदी जवळ आलीत, पण एकमेकांना लागलेली नाहीत. ती दोघं नवरा-बायको, मित्र की नुकतीच भेटलेली अनोळखी माणसं, हे चित्र सांगत नाही. मला हा त्या चित्रातला सगळ्यात विलक्षण भाग वाटतो. एका इंचाच्या अंतरात हॉपरने नातं मांडलंय आणि अर्धवट सोडलंय.

आणि एक गोष्ट. असं हॉटेल न्यूयॉर्कमध्ये कुठे होतं, हे शोधायचा प्रयत्न बऱ्याच जणांनी केला, पण सापडलं कुणालाच नाही. हॉपरने स्वतः सांगितलं होतं की ग्रिनिच अॅव्हेन्यूवर दोन रस्ते मिळतात तिथल्या एका हॉटेलावरून चित्र सुचलं. पण त्याने दृश्य बरंच सोपं केलं आणि हॉटेल मोठं केलं. वास्तववादी चित्र म्हणजे जे दिसलं ते जसंच्या तसं उतरवणं, असं आपण धरून चालतो. हॉपरचा वास्तववाद तसा नव्हता. तो शहरात भटकायचा, बघायचा, कागदावर छोटी छोटी रेखाटनं करायचा आणि मग स्टुडिओत बसून त्यातून एक जागा बांधायचा. बांधताना तो भर घालण्यापेक्षा काढून टाकायचा जास्त. न्यूयॉर्कच्या चित्रात गर्दी नाही, पाट्या जवळपास नाहीत, रस्त्यावर कागदाचा कपटासुद्धा नाही. हे खरं न्यूयॉर्क कधीच नव्हतं.

कारण खरं न्यूयॉर्क तेव्हा माणसांनी उतू जात होतं. १९०० मध्ये शहराची वस्ती सुमारे ३४ लाख होती, १९३० पर्यंत ती ६९ लाखांच्या घरात गेली. १९२० च्या जनगणनेत अमेरिकेत पहिल्यांदाच निम्म्याहून जास्त लोक शहरी भागात राहत असल्याची नोंद झाली (अर्थात अडीच हजार वस्तीचं गावही तिथे शहरी धरलं जात होतं). एका पिढीत शेतावरून, लहान गावांतून, आणि युरोपातल्या खेड्यांमधून माणसं अशा जागी आली जिथे शेजारच्या खोलीत कोण राहतं ते माहीत नसतं. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल याने १९०३ मध्येच लिहून ठेवलं होतं की शहरात इतके चेहरे, इतके आवाज अंगावर येतात की प्रत्येकाला प्रतिसाद देत बसलं तर माणूस टिकणार नाही. म्हणून शहरी माणूस एक अंतर राखायला शिकतो. ते अंतर म्हणजे तुसडेपणा असेलच असं नाही, बहुतेक वेळा ती जगण्याची सोय असते.

हे नवं शहर पहिल्यांदा रंगवलं ते रॉबर्ट हेन्रीच्या भोवती जमलेल्या चित्रकारांनी. हेन्री हा शिक्षक म्हणून भन्नाट माणूस असावा. सुंदर निसर्ग आणि श्रीमंतांची व्यक्तिचित्रं सोडा, खिडकीबाहेर जे चाललंय ते रंगवा, असं तो विद्यार्थ्यांना सांगायचा. त्याच्या मंडळीतले जॉन स्लोन, जॉर्ज लक्स, विल्यम ग्लॅकन्स, एव्हरेट शिन हे फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रांत काम केलेले. छापील फोटो सर्रास होण्याआधी आग, अपघात, मिरवणूक यांची चित्रं झरझर काढून द्यायची हे त्यांचं काम. त्यामुळे त्यांचा हात वेगवान आणि डोळा रस्त्याला सरावलेला. १९०८ मध्ये मॅकबेथ गॅलरीत हेन्री आणि आणखी सात जणांचं प्रदर्शन झालं आणि गवगवा झाला. पुढे या धारेला ‘अॅशकॅन’, म्हणजे राखेच्या पिंपाची चित्रकला, असं हिणवणारं नाव पडलं आणि तेच रूढ झालं.

या मंडळींच्या चित्रांत एकटेपणा नाही. जॉर्ज बेलोजचं १९१३ चं ‘क्लिफ ड्वेलर्स’ पाहा: न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधली दाटीवाटीची वस्ती, या इमारतीपासून त्या इमारतीपर्यंत ताणलेल्या दोऱ्यांवर वाळणारे कपडे, रस्त्यावर उतरलेली पोरं, बाया, गाड्या. उकाड्यात सगळी वस्ती घराबाहेर आलीय. स्लोनच्या १९१२ च्या चित्रात रविवारी गच्चीवर तीन बाया केस वाळवत गप्पा मारताहेत. गरिबी आहे, पण सोबत आहे.

बेलोज आणि हॉपर दोघांचा जन्म १८८२ चा, दोघेही हेन्रीचे विद्यार्थी. एकाने गर्दी रंगवली, दुसऱ्याने गर्दी वजा केल्यावर काय उरतं ते. पण हॉपर हेन्रीच्या धड्यापासून दूर गेला असं मला वाटत नाही. ‘खिडकीबाहेर बघा’ हा धडा त्याने उलटा वापरला. तो बाहेरून खिडकीच्या आत बघायला लागला. याची एक पायवाट स्लोननेच पाडली होती. १९१० मध्ये त्याने ‘नाइट विंडोज’ नावाचं एचिंग (धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र) केलं होतं, रात्री उजेड असलेल्या खिडक्यांतून दिसणाऱ्या माणसांचं. हॉपरने १९२७ मध्ये स्लोनवर लेख लिहिला आणि पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, त्याच नावाचं तैलचित्र रंगवलं. अंधारात तीन उजळ खिडक्या, बाहेर उडणारा पडदा आणि मधल्या खिडकीत पाठमोरी वाकलेली बाई. फक्त आतल्या बाईला ठाऊक नाही की तिला कुणी बघतंय.

यात शहराच्या वाहतुकीचाही हात आहे. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा रस्त्यांवर लोखंडी खांब रोवून त्यावरून ‘एल’ नावाची रेल्वे धावायची, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून. संध्याकाळी त्या गाडीतून जाताना समोरच्या इमारतींतल्या दिवे लागलेल्या खोल्या क्षणभर दिसत आणि मागे पडत. ‘ऑफिस अॅट नाइट’ हे १९४० चं चित्र अशाच प्रवासांतून सुचल्याचं हॉपरने नोंदवून ठेवलंय. रात्री उशिरा ऑफिसात एक पुरुष टेबलाशी कागद वाचतोय, फायलींच्या कपाटाशी एक बाई उभी आहे. आपण त्यांच्याकडे वरून, तिरकं बघतो, गाडीतून दिसावं तसं. पुढे काय झालं हे आपल्याला कधीच कळणार नाही, कारण गाडी पुढे गेलेली असते. शहर असंच देतं: हजारो आयुष्यांची एकेक चौकट, आणि एकाचीही पूर्ण गोष्ट नाही. शिवाय ऑफिस हा हॉपरच्या जुन्या ओळखीचा विषय. चित्रं विकली जात नव्हती तेव्हा वर्षानुवर्षं त्याने पोटासाठी मासिकांची चित्रं काढली, त्यात व्यापारविषयक मासिकांतली ऑफिसची दृश्यंही होती. ते काम त्याला मनापासून नकोसं होतं.

विक्रीबद्दल सांगायचं तर १९१३ च्या आर्मरी शोमध्ये, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या आधुनिक कलेच्या मोठ्या प्रदर्शनात, त्याचं एक चित्र २५० डॉलरला गेलं आणि त्यानंतर पुढचं विकलं गेलं थेट १९२३ मध्ये. मधली दहा वर्षं तो टिकून राहिला याचं मला फार वाटतं.

आता ‘ऑटोमॅट’कडे वळू. १९२७ चं हे चित्र मला ‘नाइटहॉक्स’हून जास्त खोल वाटतं. ऑटोमॅट म्हणजे वेटर नसलेलं हॉटेल. हॉर्न अँड हार्डार्ट या कंपनीने १९०२ मध्ये फिलाडेल्फियात आणि १९१२ मध्ये न्यूयॉर्कला ते सुरू केलं. भिंतीत काचेच्या छोट्या दारांचे खण, त्यात ‘पाय’ (सारण भरून भाजलेला पदार्थ), सँडविच असे पदार्थ. नाणं टाकायचं, मूठ फिरवायची, दार उघडतं, आपली बशी उचलायची. स्वस्त, स्वच्छ, आणि कुणाशी एक शब्दही न बोलता जेवता येतं. नोकरीसाठी शहरात एकट्या राहणाऱ्या तरुण बायकांना ही मोठी सोय होती, कारण एकट्या बाईने साध्या हॉटेलात बसणं तोवर सगळीकडे सहज मानलं जात नव्हतं.

चित्रात अशीच एक बाई गोल टेबलाशी कॉफी घेऊन बसलीय. कोट-हॅट तशीच. एका हाताचा हातमोजा काढलाय, दुसऱ्या हातावर तो तसाच आहे. हा एका मोज्याचा तपशील केवढा बोलका आहे! ती फार वेळ बसायला आलेली नाही, किंवा कुठल्यातरी विचारात दुसरा मोजा काढायचा राहिलाय. समोरची खुर्ची रिकामी. ऑटोमॅटची ओळख ज्यामुळे पटावी ती खणांची भिंत हॉपरने दाखवलेलीच नाही. पण खरी कमाल तिच्या मागच्या खिडकीत आहे. पूर्ण काळी काच. तीत छतावरच्या दिव्यांच्या दोन रांगा लांबवर जाताना दिसतात. रस्ता दिसत नाही, गाड्या दिसत नाहीत, आणि खोलीतलं दुसरं काहीही काचेत उमटलेलं नाही, त्या बाईची पाठसुद्धा नाही. तिच्यामागे शहर असायला हवं, तिथे काहीच नाही. हॉपरने तिला दुःखी रंगवलं नाही, तिच्यामागचं जगच काढून घेतलं.

हाच हिशेब ‘अर्ली संडे मॉर्निंग’मध्ये (१९३०) वेगळ्या प्रकारे दिसतो. दोन मजली विटांच्या इमारतीची लांबलचक रांग, खाली बंद दुकानं, न्हाव्याचा रंगीत खांब, आगीचा नळ, लांब सावल्या. माणूस एकही नाही. पण वरच्या एका खिडकीत हॉपरने आधी माणूस काढला होता आणि मग रंगाखाली बुजवला. रविवार हा शब्दही नंतर दुसऱ्याच कुणीतरी चिकटवला, असं तो सांगायचा. त्याच्या लेखी ती सेव्हन्थ अॅव्हेन्यू होती. त्या सावल्यांचंही एक कोडं आहे. सेव्हन्थ अॅव्हेन्यू साधारण उत्तर-दक्षिण जाते, त्यामुळे सकाळच्या सूर्याने फुटपाथवर अशा लांबच लांब आडव्या सावल्या पडायलाच नकोत. त्याला हवा तो प्रकाश त्याने हवा तिथून आणला. उजव्या कोपऱ्यात वर एक काळा चौकोन आहे, पटकन लक्षात न येणारा. तो शेजारच्या उंच इमारतीचा तुकडा. गगनचुंबी इमारतींच्या त्या दशकात हॉपरने त्या जवळपास रंगवल्याच नाहीत. इथे एकीचा फक्त कोपरा आत आलाय आणि त्याने सगळ्या बुटक्या दुकानांचं भविष्य सांगून टाकलंय.

माणसं एकत्र असूनही आपापल्या जागी, हेही त्याने पुष्कळदा रंगवलं. १९३२ च्या ‘रूम इन न्यूयॉर्क’मध्ये नवरा वर्तमानपत्रात बुडालाय आणि बायको पियानोकडे वळून एका बोटाने पट्टी दाबतेय. दोघांच्या मधोमध एक उंच बंद दार, भिंतीसारखं. १९३९ च्या ‘न्यूयॉर्क मूव्ही’मध्ये डावीकडे अंधारं थिएटर, पडद्याचा जेमतेम तुकडा, उजवीकडे दिव्याखाली भिंतीला टेकून उभी असलेली, लोकांना जागा दाखवणारी मुलगी. सिनेमा तिने बहुधा असंख्य वेळा पाहिलाय. सगळे एका दिशेला बघताहेत आणि ती स्वतःत. हे थिएटर त्याने बऱ्याच थिएटरांत बसून केलेल्या पन्नासहून अधिक रेखाटनांतून जोडलं.

या मुलीला मी एकाकी म्हणणार नाही. तिला कामाच्या मधे पाच मिनिटं मिळालीत, जी कुणी मागत नाही आणि कुणी बघत नाही. ऑटोमॅटमधली बाईसुद्धा तशी पाहता येते: स्वतःच्या पैशाने घेतलेली कॉफी आणि कुणालाही उत्तर द्यायची गरज नसलेली संध्याकाळ. शहराने माणसाला ओळखीचं जग सोडायला लावलं, आणि त्याच शहराने असं मोकळं बसणंही पहिल्यांदा शक्य केलं, विशेषतः बायकांना. हॉपर या दोहोंतलं एकही नाकारत नाही. स्वतःच्या चित्रांमधल्या एकटेपणाबद्दल फारच बोललं जातं, असं त्याला वाटायचं. ‘नाइटहॉक्स’ त्याला खास एकाकी वाटत नव्हतं. मात्र नकळत आपण मोठ्या शहराचा एकटेपणा रंगवत असू, हेही त्याने मान्य केलं होतं. मला ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी वाटतात.

१९५० मधलं जॉर्ज टूकरचं ‘द सबवे’ शेजारी ठेवलं की फरक कळतो. भुयारी स्टेशन, पिंजऱ्यासारख्या सळया, धास्तावलेल्या चेहऱ्यांची माणसं. टूकर आपल्याला काय वाटायला हवं ते सांगून टाकतो. चित्र जबरदस्त आहे, पण त्यात भीतीशिवाय दुसऱ्या कशाला जागा नाही.

एक माणूस मात्र या सगळ्या खोल्यांमध्ये आहे आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. जोसेफिन निव्हिसन, म्हणजे ‘जो’. तीही हेन्रीची विद्यार्थिनी, स्वतः चित्रकार. १९२३ मध्ये ब्रुकलिन म्युझियमच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागणार होती, तेव्हा तिने हॉपरचं नाव सुचवलं. त्यातूनच म्युझियमने त्याचं जलरंगातलं चित्र १०० डॉलरला घेतलं आणि दहा वर्षांचा दुष्काळ संपला. पुढच्या वर्षी दोघांनी लग्न केलं, दोघांचंही वय ४१. त्यानंतरच्या चित्रांतल्या जवळपास सगळ्या बायका म्हणजे जो. लाल कपड्यांतली ती, थिएटरमधली मुलगी ती, १९५२ च्या ‘मॉर्निंग सन’मध्ये पलंगावर उन्हात बसलेली तीच, तेव्हा सत्तरीला टेकलेली. न्यूयॉर्कमधल्या वॉशिंग्टन स्क्वेअरवरच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, ७४ पायऱ्या चढून आणलेल्या कोळशावर ऊब घेत, दोघं एकाच जागेत राहिली आणि भांडली. एडशी (म्हणजे हॉपरशी) बोलणं म्हणजे विहिरीत दगड टाकणं, पण तळाशी आपटल्याचा आवाज काही येत नाही, असं ती म्हणायची.

प्रत्येक चित्राची नोंदवही तीच ठेवायची: कोणता रंग कुठे, विकलं कुणाला, केवढ्याला. ‘नाइटहॉक्स’ची नोंद वाचली की काउंटरच्या लाकडापासून खिडकीखालच्या हिरव्या फरशीच्या पट्ट्यापर्यंत सगळं सापडतं. ते चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने त्याच वर्षी ३,००० डॉलरला घेतलं. १९६७ मध्ये हॉपर गेला, वर्षभरातच जो गेली, आणि तिच्या मृत्युपत्राने दोघांच्या मिळून तीन हजारांहून अधिक कलाकृती न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमला मिळाल्या. त्याच्या जपल्या गेल्या. तिची बरीच चित्रं इकडेतिकडे देऊन टाकली गेली किंवा नाहीशी झाली. हॉपरच्या एकाकी बायकांवर एवढं लिहिलं जातं, तेव्हा त्या पोझ देणाऱ्या बाईने स्वतः काय रंगवलं होतं ते पाहायची सोय आपल्याला फारशी उरलेली नाही. अमेरिकेतल्या प्रॉव्हिन्सटाउन गावच्या कलासंग्रहालयात तिची काही जलरंगातली चित्रं आहेत. हॉपरबद्दल वाचणाऱ्याने तीही शोधून बघावीत.